व्हिएतनाम, आई-बाबा आणि माझी एक्सेल शीट

2026 च्या मार्चच्या शेवटी आम्ही व्हिएतनामला चाललोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, आई आणि बाबा. चौघांचीही पहिलीच परदेशवारी. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, सगळं आपलं आपण ठरवायचं हे मी परस्पर जाहीर करून टाकलं आणि मग गेले दोन-अडीच महिने ऑफिसच्या एका टॅबमागे सतत एक एक्सेल उघडी. व्हिएतनामच का, असं सगळे विचारतात. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण पाच तासांचं, व्हिसा घरबसल्या ऑनलाइन निघतो, घड्याळ फक्त दीड तास पुढे आहे त्यामुळे आई-बाबांची झोप फार बिघडणार नाही, आणि खर्च युरोपच्या मानाने कुठल्या कुठे. एवढी कारणं पुरेत की.

खरी गंमत प्लॅनची आहे. बाबा एसटीत होते, कराड डेपोला कंट्रोलर. आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं बघितलेला माणूस, त्यामुळे मी जेव्हा त्यांच्यापुढे रविवारच्या पेपरातली पानभर जाहिरात ठेवली, 'संपूर्ण व्हिएतनाम, सात रात्री', तेव्हा त्यांनी स्थळांची नावं वाचलीच नाहीत. खिशातलं पेन काढलं आणि रात्रीच्या मुक्कामाच्या गावांखाली रेघा मारत गेले. हनोई, हा लाँग, परत हनोई, दा नांग, होई आन, सायगॉन, मेकाँग. मग मान वर करून म्हणाले, "अगं, ही काय सहल आहे का? रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज रात्री उपसायची. यात मुक्कामी गाडी एकही नाही."

तेव्हापासून आमच्या घरात प्लॅन मोजायचं माप बदललं. काय काय बघणार हे नंतर, आधी सांगा किती वेळा मुक्काम हलणार.

आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण व्हिएतनामचा नकाशा बघितला की हात शिवशिवतात हो. देश लांबुडका आहे, एका जागी तर रुंदी जेमतेम 50 किलोमीटर, म्हणजे आमच्या चिंचवडहून लोणावळ्यापर्यंत गेलं की देश संपला, पण उत्तर-दक्षिण बघाल तर हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने 1726 किलोमीटर. मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त. ती गाडी तीसेक तास तरी घेते. आणि गंमत म्हणजे बघण्यासारख्या गोष्टी त्या अख्ख्या लांबीवर अशा सारख्या अंतराने पेरून ठेवल्यात की कुठलंही गाव सोडलं तरी चुटपुट लागते. यूट्यूबवाले तर आठ दिवसांत खालपासून वरपर्यंत सगळं करून दाखवतात, त्यांचं वय पंचवीस, पाठीला एक सॅक, रात्री स्लीपर बसमध्ये झोपतात. आमच्यात दोन जण पासष्टीच्या पुढचे, बाबांचे गुडघे, आईची बीपीची गोळी सकाळी ठरलेल्या वेळेला.

मग मी मुक्काम हलवायचा एक दिवस घेतला आणि तासातासाने लिहून काढला. हनोईहून होई आन. होई आनला स्वतःचा विमानतळ नाही, रेल्वे पण नाही, दा नांगला उतरून पुढे 30 किलोमीटर गाडीने जायचं. विमान स्वतः फक्त सव्वा तास उडतं, म्हणून वाटतं की अरे, हे तर पटकन होईल. पण सकाळी आठला नाश्ता आटपून चेकआउट, हनोई शहरातून नोई बाई विमानतळ 30 किलोमीटरच्या आसपास, ट्रॅफिक धरून तास, दोन तास आधी पोचायचं, साडेअकराचं विमान, पाऊणच्या सुमाराला दा नांग, बेल्टवर बॅगांची वाट, गाडी शोधा, होई आनला पोचेस्तोवर अडीच, खोली ताब्यात, मग आई म्हणणार जरा पाठ टेकते. चार वाजले. म्हणजे सव्वा तासाच्या उड्डाणाने दिवस खाल्ला. असे चार दिवस त्या सात रात्रींच्या प्लॅनमध्ये होते. जाहिरातीत त्याला 'ट्रान्सफर' म्हणतात आणि बाजूला एक छोटं विमानाचं चित्र असतं, बास.

तर आता आमच्या प्लॅनमध्ये मोठे मुक्काम तीनच आहेत. हनोई, होई आन, आणि परतीचं विमान तिथून आहे म्हणून शेवटी सायगॉन. (अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, पण तिथले लोकही सर्रास सायगॉन म्हणतात, आणि टाइप करायला सोपं.) जाताना हनोईला उतरायचं आणि येताना सायगॉनहून निघायचं, विमानाच्या साइटवर 'मल्टी सिटी' असा पर्याय असतो तो निवडायचा. रिटर्न तिकीट हनोई-हनोई काढलं तर शेवटी परत विमानाने हजार-बाराशे किलोमीटर उलटं जावं लागतं. हे मला बाबांना समजवावं लागलंच नाही.

महिना ठरवणं हा मात्र वेगळाच विषय झाला. दादाचं म्हणणं होतं दिवाळीच्या सुट्टीत जा, सगळेच जातात. आता काये ना, व्हिएतनामला एक हवामान नाहीच. उत्तरेला हनोईत चक्क थंडी पडते, डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो. दक्षिणेला सायगॉनला बारा महिने उकाडा, मे ते नोव्हेंबर पाऊस. आणि मधला पट्टा, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आन, तिथे आपला पावसाळा संपतो तेव्हा पाऊस सुरू होतो, सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. म्हणजे नेमकी आपली दिवाळी. 2025 च्या ऑक्टोबर अखेरीस तिथे मोठा पूर आला होता, होई आनच्या जुन्या गावात गल्ल्यांमधून होड्या चालल्या होत्या. दादाला मी ते व्हिडिओ पाठवले, त्यानंतर दिवाळीचा विषय बंद.

जानेवारी-फेब्रुवारीत तेत असतो, त्यांचं नवीन वर्ष. 2026 मध्ये तो 17 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात अख्खा देश आपापल्या गावी जातो, दुकानं-हॉटेलं बरीच बंद, तिकिटं महाग. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था असते ती संबंध देशाची. म्हणून तेही बाद. एप्रिल अखेरीस 30 तारखेची आणि 1 मेची त्यांची सलग सुट्टी येते, तेव्हा तिथलेच लोक फिरायला बाहेर पडतात. मे महिन्यात ऊन. उरला मार्च ते एप्रिलचा मधला तुकडा. उत्तरेत त्या वेळी जरा धुकं आणि रिमझिम असते, हे मान्य, पण मध्य भाग कोरडा आणि बरा असतो. दक्षिणेत गरम होणारच, त्याला इलाज नाही.

पण मार्चमध्ये गुढीपाडवा. 19 तारखेला. आईने सांगितलं, पाडव्याला घराला कुलूप चालणार नाही. मग पुढच्या आठवड्यात रामनवमी, 26 ला, रामजन्म झाल्याशिवाय ती हलणार नाही. ठीक आहे, म्हणलं 26 च्या रात्री निघू. दादा सीए आहे, मार्च एंडिंगला त्याच्यासमोर सहलीचा स काढायची पण सोय नाही, म्हणून तो येत नाहीये आणि लांबून सल्ले देतोय. नवऱ्याच्या ऑफिसला गुड फ्रायडेची सुट्टी आहे 3 एप्रिलला, तेवढीच एक रजा वाचली.

आणि इथे बाबांनी कमाल केली. मी त्यांना सहज वाचून दाखवलं होतं की होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी कंदिलांची रात्र असते, जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात, सगळीकडे रेशमी कंदील लावतात, लोक नदीत कागदी दिवे सोडतात. बाबा उठले, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. "त्यांचा चंद्र आणि आपला चंद्र काय वेगळा आहे का?" चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती, 2 एप्रिल. म्हणजे त्यांची चौदावी रात्र 1 एप्रिल. मी मग व्हिएतनामी कॅलेंडर शोधून ताडून बघितलं, बरोब्बर 1 एप्रिल. त्यांचा महिना अमावस्येपासून मोजतात आणि पाडव्याच्याच दिवशी त्यांचाही दुसरा महिना सुरू होतोय. मग काय, अख्खा प्लॅन त्या एका रात्रीला खिळा ठोकून बाकीचं मागे-पुढे सरकवलं. माझ्या शीटमध्ये तेवढा एकच रकाना हिरवा आहे, बाकी सगळे पिवळे, म्हणजे बदलू शकतात.

आता हनोई. 27 ला सकाळी पोचणार, रात्रभर धड झोप नाही, आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. सकाळी सात ते दुपारी दोन काय करायचं? बरेच ब्लॉगवाले लिहितात सामान रिसेप्शनला ठेवा आणि फिरायला निघा. तुम्ही निघा. मी आदल्या रात्रीपासून खोली बुक केली आहे, एका रात्रीचे पैसे जास्त गेले, पण पोचल्या पोचल्या अंघोळ आणि झोप. पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त होआन कीएम तळ्याभोवती चक्कर. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार तळ्याच्या आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद असतात, चालायला मोकळे, आमचे दिवस नेमके त्यात बसलेत. बाकी हनोईचा जुना भाग म्हणजे स्कूटरींचा समुद्र, आणि रस्ता ओलांडायची तिथली पद्धत अशी की थबकायचं नाही, पळायचं नाही, एका संथ चालीने चालत राहायचं, गाड्या तुमच्या बाजूने निघून जातात. लक्ष्मी रोडला गणपतीची खरेदी केलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही असं माझं मत आहे. आईचं मत वेगळं आहे, ती म्हणते मी रिक्षाने पलीकडे जाईन.

शनिवारी सकाळी हो ची मिन्हची, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याच्या नेत्याची, समाधी. ही सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि बाकी दिवशी फक्त सकाळीच उघडी, हे लक्षात ठेवा, कारण खूप जण शुक्रवारी हनोईत उतरतात आणि दारातून परत येतात. खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात. तिथून साहित्य मंदिर, 1070 सालचं, कन्फ्यूशियसचं, देशातलं पहिलं विद्यापीठ तिथेच होतं, आवारात कासवांच्या पाठीवर दगडी पाट्या आहेत आणि त्यावर परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेली. संध्याकाळी पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ. आईला आवडेल, तासाभराच्या आत संपतो आणि बसायला खुर्ची आहे.

मग हा लाँग की निन्ह बिन्ह यावर आमच्याकडे जवळपास आठवडाभर वाद. दोन्हीकडे पाण्यातून वर आलेले चुनखडीचे डोंगर, एकीकडे समुद्रात, दुसरीकडे नदीत आणि भातखाचरांत. निन्ह बिन्ह हनोईपासून शंभरेक किलोमीटर, छोट्या होडीत बसायचं, बाई पायाने वल्हं मारते, गुहांमधून होडी जाते. मला खरं तर तेच करायचं होतं. पण नवरा म्हणाला व्हिएतनामला जाऊन हा लाँग बघितलं नाही म्हणून सांगायचं का लोकांना. या वाक्याला उत्तर नसतं. दोन्ही करणं म्हणजे परत मुक्काम हलला, म्हणून निन्ह बिन्ह कापलं.

हा लाँगला पण एक दिवसात जाऊन येता येतं, पण एक्सप्रेस वे असूनही जायला अडीच तास, यायला अडीच तास, बोटीवर जेमतेम चार-पाच तास. त्यापेक्षा बोटीवरच रात्र काढायची ठरवली. युक्ती अशी की मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवायच्या, ते लोक आनंदाने ठेवून घेतात, चौघांत मिळून एक छोटी पिशवी घेऊन बोटीवर जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच हॉटेलात. त्यामुळे बाबांच्या हिशोबात हा मुक्काम हलला असं धरलं जात नाही. बोटवाल्यांच्या कार्यक्रमात 'ती तॉप' नावाच्या बेटावरच्या चारशेच्या वर पायऱ्या आहेत, सुंग सॉट गुहेतही चढ-उतार आहे. बुकिंगच्या आधीच मेल करून विचारलं की ज्यांना चढायचं नाही त्यांनी काय करायचं, उत्तर आलं की डेकवर बसा, चहा देऊ. बाबा खूश. वादळी हवा असली तर बंदराचं खातं बोटी सोडतच नाही, मार्चअखेरीस ती शक्यता कमी, पण धुकं असू शकतं. म्हणून पैसे परत मिळतात अशीच बोट घेतली, जरा महाग पडली.

होई आनला तीन रात्री. दादा म्हणतो एवढ्याशा गावात तीन रात्री काय करणार. मी म्हणते हेच करणार, काही नाही करणार. जुनं बंदर आहे ते, चिनी-जपानी व्यापाऱ्यांचं, पिवळ्या भिंतींची घरं, सगळं पायी. जपानी पूल दुरुस्तीसाठी झाकला होता तो 2024 मध्ये परत उघडला. पण माझ्यासाठी खरी गोष्ट म्हणजे 'मी सॉन' हे ठिकाण. होई आनहून चाळीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत विटांची देवळं आहेत, पूर्वी तिथे राज्य करणाऱ्या चाम राजांची, आणि ती शंकराची आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मा नावाच्या राजाने तिथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, नाव ऐकून तरी आपल्याच तालुक्यातलं वाटतं की नाही? पुढे तेराव्या शतकापर्यंत तिथे बांधकामं होत राहिली, संस्कृत शिलालेख आहेत. 1969 मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत बरंच पडलं. आणि उरलेल्यातल्या काही देवळांच्या दुरुस्तीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय, 2020 मध्ये त्यांना तिथे खोदताना नवव्या शतकातलं अखंड दगडातलं शिवलिंग सापडलं. हे आईला सांगितल्यावर तिचा व्हिएतनामबद्दलचा एकूण सूरच बदलला. त्याआधी ती 'तुम्ही म्हणाल तिकडे' अशी होती, आता ती बेलाची पानं न्यायची का विचारते. (न्यायची नाहीत. ते पुरातत्त्व स्थळ आहे, शिवाय झाडपाला विमानातून नेण्याच्या भानगडीत मला पडायचं नाही.) सकाळी लवकर जायचं, दहानंतर तिथे उन्हाचा आणि टूर बसेसचा मारा असतो. तिकीट दीड लाख. दीड लाख डाँग हो, आपले पाचशे रुपये.

इथे थोडं विषयांतर. फॅमिली ग्रुपवर व्हिएतनाम म्हणल्या म्हणल्या काकांनी तो फॉरवर्ड टाकलाच. तोच, की व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीमुळे, त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या समाधीवर 'महाराजांचा एक मावळा' असं कोरलंय वगैरे. तुम्हालाही आला असेल. मी बसून शोधलं, त्यात राष्ट्राध्यक्षाचं धड नावही नाही. हो ची मिन्हच्या समाधीवर असलं काही लिहिलेलं नाही. महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला हनोईचा दाखला कशाला लागतो मला कळत नाही. काकांना एवढंच म्हणलं की आम्ही समाधीवर जातोय, वाचून येतो. ग्रुपवर त्यानंतर शांतता आहे.

बा ना हिल्सला आम्ही जात नाहीये. तोच तो दगडी वाटणाऱ्या दोन हातांवर तोललेला सोनेरी पूल, 2018 मध्ये झाला, सगळ्यांच्या डीपीवर असतो. केबल कार लांबलचक आहे, पावणेसहा किलोमीटरच्या आसपास, ती भारी असणार. पण वर एक बनावट फ्रेंच गाव आणि प्रचंड गर्दी, आणि तिकीट माणशी तीन हजार रुपयांच्या घरात. चौघांचे बारा हजार एका फोटोसाठी. नवऱ्याचा चेहरा जरा पडला, पण हा लाँग त्याला मिळालंय, आता त्याने बोलू नये. त्याऐवजी दा नांगचं चाम शिल्पांचं म्युझियम, 1919 पासूनचं, आणि संगमरवरी डोंगर, तिथे लिफ्ट आहे. लिफ्ट आहे हे मी शीटमध्ये ठळक करून ठेवलंय.

सायगॉनला दीडच दिवस आहे. मेकाँग नदीचा भाग कापला, कू चीची युद्धकाळातली भुयारंही कापली, बाबा तिथे वाकून आत जाणार नाहीत आणि बाहेर उभं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं. पण पुनर्मीलन राजवाडा बघणार, तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचा. 30 एप्रिल 1975 ला त्याच्या फाटकातून उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत घुसले आणि युद्ध संपलं. बाबा तेव्हा कराडला कॉलेजात होते, पेपरात सायगॉन पडल्याची बातमी वाचलेली त्यांना आठवते. अख्ख्या ट्रिपमध्ये त्यांनी स्वतःहून मागितलेलं एवढं एकच ठिकाण. आईसाठी तिथेच जवळ मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, तिथे आता व्हिएतनामी बायकाही उदबत्त्या लावतात म्हणे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे लिहिलेलं असतं. आई-बाबांचे पासपोर्ट नव्याने काढले, मुंढव्याला जाऊन, साध्या पद्धतीत सर्वसाधारण फी 1500 रुपये, तत्काळला वर 2000. हातात वेळ असेल तर तत्काळ नको. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका एंट्रीचा 25 डॉलर, 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं, तसंच दिसणाऱ्या ढीगभर दलालांच्या साइट्स आहेत ज्या दुप्पट-तिप्पट घेतात, पत्ता नीट बघा. फोटो चष्म्याशिवाय लागतो. पासपोर्टवर आईचं नाव पुढे, मग बाबांचं नाव, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, फॉर्ममध्ये ते तसंच्या तसं, एक अक्षर इकडे तिकडे नाही. विमानाच्या तिकिटावर नावातली मधली जागा गायब होऊन ते सगळं जोडून येतं, त्याने घाबरू नका, सगळ्यांचं तसंच येतं.

आणि तारीख! आमचं विमान 26 च्या रात्रीचं म्हणतो आपण, पण ते सुटतं बारा वाजून गेल्यावर, म्हणजे तिकिटावर 27. बाबांनी तिकीट हातात घेतल्यावर पहिलं हेच बघितलं. एसटीच्या रिझर्व्हेशनला म्हणे दर आठवड्याला एक तरी माणूस साडेबाराच्या गाडीसाठी एक दिवस उशिरा स्टँडवर यायचा आणि भांडायचा. व्हिसावर आत शिरायची तारीख 27 टाकली आहे, त्याच्या आधी पोचलं तर आत घेत नाहीत.

पैशांचं आईने सगळ्यात आधी आत्मसात केलं. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग. तीन शून्यं काढायची, तिनाने गुणायचं, वर थोडं. पन्नास हजारांची कॉफी म्हणजे दीडशेच्या वर. सगळ्यात मोठी नोट पाच लाखांची. आता यात मेख अशी की पाच लाखांची नोट निळी आणि वीस हजारांचीही निळी. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीवाल्याला पासष्ट रुपयांच्या जागी सोळाशे जायचे. म्हणून आईने पर्सच्या चोरकप्प्यात फक्त पाच लाखवाल्या ठेवायच्या असं ठरवलंय, तो कप्पा रस्त्यात उघडायचाच नाही. इथून डॉलर न्यायचे, नव्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा, आणि तिथे बदलायचे. टॅक्सी शक्यतो ग्रॅबच्या ॲपवरून, भाडं आधीच दिसतं म्हणजे घासाघीस नाही.

जेवणाचं. बाबा आणि नवरा काहीही खातात. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथे भाजीतही माशाचा सॉस घालतात, नुओक माम, आणि घालणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, त्यामुळे नुसतं 'नो मीट' सांगून भागत नाही. पाटीवर 'चाय' लिहिलेलं हॉटेल शोधायचं, म्हणजे बौद्ध पद्धतीचं पूर्ण शाकाहारी. अशी हॉटेलं भरपूर आहेत, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर बरीच साधी माणसंही शाकाहार करतात. म्हणजे हनुमान जयंतीला होई आनमध्ये आईची चंगळ. बाकी दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, झटपट उपम्याची पाकिटं आणि चहाचं प्रीमिक्स. दुधाचा चहा सकाळी सहाला मिळाला नाही तर आईच्या सहलीचा बेरंग होतो, आणि तिचा झाला की सगळ्यांचा.

2 एप्रिलची दुपार शीटमध्ये रिकामी आहे. दादाने व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलं, इथे काय करणार, टोपलीसारख्या गोल होड्यांची राइड टाक, स्वयंपाकाचा क्लास टाक. मी काहीच टाकलं नव्हतं. पण ती दुपार आता आईने परस्पर बुक केली आहे. तिला कुठून तरी कळलं की होई आन शिंप्यांसाठी प्रसिद्ध आहे, सूट, फ्रॉक काहीही एक-दोन दिवसांत शिवून देतात. तिने बॅगेत एक मापाचं ब्लाऊज आणि दोन पीस टाकून ठेवलेत. 31 ला पोचल्याबरोबर माप द्यायचं, 2 ला दुपारी ट्रायल. मी म्हणलं अगं, त्यांना कटोरी ब्लाऊज काय माहीत असणार. तर म्हणे, "आपल्या कोपऱ्यावरचा टेलर दिवाळीचं अजून देतोय, बघू तरी हे काय करतात ते."